रेफरन्स सॉफ्टवेअर क्रमांक सांभाळतं, पेपर आपणच वाचायचा

सेवाग्राम आणि सावंगी मेघे इथली वैद्यकीय महाविद्यालयं जवळ असल्यामुळे नाचणगाव-पुलगावकडे ओळखीत कोणी ना कोणी एमडी किंवा एमएस करणारं सापडतंच. मी विज्ञान शाखेत पीएचडी करते हे कळलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "थिसिसचे रेफरन्स हाताने टाकू, की ते झोटेरो-मेंडली शिकू? वेळ कुठे आहे?"

माझं उत्तर: शिका, आणि सिनॉप्सिसच्या आधीच शिका. पण हे सॉफ्टवेअर काय करतं आणि काय करत नाही, ते नीट समजून घ्या.

वैद्यकीय थिसिसमध्ये बहुतेक वेळा व्हँकुव्हर पद्धत असते. १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात वैद्यकीय जर्नलांचे काही संपादक एकत्र आले, त्यावरून हे नाव पडलं. मजकुरात जो संदर्भ पहिल्यांदा येतो तो १, नंतरचा २, असा क्रम. आता समजा गाईडनी प्रस्तावनेत एक नवीन पेपर घालायला सांगितला आणि तो चौथा आला. जुना ४ झाला ५, जुना ५ झाला ६, आणि दीडशे संदर्भ असतील तर शेवटपर्यंत सगळे आकडे सरकले. हाताने केलं तर रात्र जाते आणि चूक राहतेच. सॉफ्टवेअर हे काही सेकंदांत करतं.

त्याचे तीन भाग असतात. पहिला, तुमच्या कॉम्प्युटरवरची लायब्ररी. दुसरा, ब्राउझरमधलं बटण: पबमेडवर पेपर उघडून ते दाबलं की लेखक, जर्नल, वर्ष, डीओआय सगळं लायब्ररीत जमा. तिसरा, वर्डमधलं प्लगइन, जे मजकुरात क्रमांक टाकतं आणि शेवटी यादी तयार करतं. एंडनोट विकत घ्यावं लागतं. मेंडली मोफत वापरता येतं आणि २०१३ पासून एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीकडे आहे. झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालं. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे. लायब्ररी आपल्याच कॉम्प्युटरवर राहते, त्यामुळे गावी नेट गेलं तरी लिखाण थांबत नाही. सुरुवात करणाऱ्याला मी झोटेरोच सुचवते.

आता ते काय करत नाही, ते एका खऱ्या उदाहरणातून बघू.

१९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात भरती असताना अफूवर्गीय वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदींमध्ये व्यसन लागल्याची फक्त ४ ठोस प्रकरणं आढळली, असं त्यात म्हटलं होतं. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये संशोधकांनी या पत्राचे सगळे उल्लेख तपासले. एकूण ६०८. त्यातल्या ७२ टक्के लेखांनी 'या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून ते वापरलं होतं. जवळपास ८१ टक्क्यांनी हे रुग्ण भरती असलेले होते, एवढी साधी गोष्टही सांगितली नव्हती. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पत्रात काहीच नव्हतं. पुढे अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने हजारो माणसं दगावली. डॉक्टरांना ही औषधं निर्धास्त वाटू लागली, त्यात अशा उल्लेखांचाही वाटा होता, असं त्या संशोधकांचं म्हणणं आहे.

यातला एकही उल्लेख सॉफ्टवेअरने अडवला नसता. क्रमांक बरोबर, जर्नलचं नाव बरोबर, फक्त अर्थ चुकीचा.

म्हणून काही सवयी लावून घ्या:

• लायब्ररीत पेपर टाकला की त्याच्या नोटमध्ये तीन ओळी लिहा: अभ्यास कोणावर, कुठे आणि किती जणांवर झाला, काय आढळलं, मी तो कुठल्या वाक्यासाठी वापरणार. वरच्या पत्रासाठी 'फक्त भरती रुग्ण' एवढं जरी लिहिलं असतं, तरी पुढचं वाक्य जपून लिहिलं गेलं असतं.

• आपोआप आलेली माहिती एकदा तपासा. पीडीएफवरून घेताना लेखकाचं नाव आणि आडनाव उलटं पडणं, वर्ष गायब होणं नेहमीचं आहे.

• एआयने सुचवलेला संदर्भ पबमेडवर सापडला नाही किंवा त्याचा डीओआय उघडला नाही, तर वापरू नका. खोटा संदर्भसुद्धा सॉफ्टवेअर तितक्याच सुबकपणे मांडतं.

• मागे घेतलेल्या पेपरवर झोटेरो लाल पट्टी दाखवतं. ती दिसली की थांबा आणि कारण वाचा.

• गाईडना देण्याआधी फाईलची प्रत करा. क्रमांकांची लिंक तोडून साधा मजकूर केला, की पुढे ते आपोआप बदलत नाहीत.

शिकायला एक दुपार पुरते. नंतर आकडे सरकवण्यात जाणाऱ्या रात्री वाचतात. तो वेळ पेपर वाचायला द्या, कारण व्हायव्हात परीक्षक संदर्भाचा क्रमांक विचारणार नाहीत, "यात काय लिहिलंय?" हेच विचारतील.