दहा गाड्यांची एक गाडी!

इंजिन एका गाडीचे, सांगाडा दुसरीचा, ब्रेक तिसरीचे... अशा जुन्यापुराण्या सामानातून अमेरिकेतल्या तरुणांनी ‘हॉट रॉड’ नावाची अफलातून गाडी जन्माला घातली. ती बनवणाऱ्याचा कस लागतो तो मात्र करवत कुठे चालवायची आणि कुठे हात आवरायचा, हे ठरवताना!

जून १९४८. ‘हॉट रॉड’ हे मासिक सुरू होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. त्या अंकाच्या मुखपृष्ठावर एक बुटकी, उघडी, दोन आसनांची गाडी झळकली. तिचा मालक होता लॉस एंजेलिसचा एड इस्केंडेरियन. घराणे आर्मेनियन, वय सत्तावीसच्या आत-बाहेर, नुकताच महायुद्धातून परतलेला.

गाडीची कुंडली मांडायची तर घोळच! वरची बॉडी १९२४ च्या फोर्ड ‘मॉडेल टी’ची. खालची चासी ‘एसेक्स’ या दुसऱ्याच कंपनीच्या गाडीची. इंजिन फोर्डचेच, पण ‘मॉडेल टी’नंतर कितीतरी वर्षांनी निघालेले आठ सिलिंडरचे. त्या इंजिनावरची हेड तिसऱ्याच कारखान्याची. अशी ही दहा घरचे पाणी प्यायलेली गाडी १९४२ मध्ये एल मिराज तलावाच्या कोरड्या पात्रात ताशी १२० मैल, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर वेगाने धावली होती. मूळ ‘मॉडेल टी’ धापा टाकत ताशी ७० किलोमीटरच्या आसपास जायची!

गरिबाघरचा वेग

या पोरांना हे सुचले कसे? उत्तर सोपे आहे. खिशात पैसा नव्हता आणि आजूबाजूला भंगार मात्र मुबलक होते. फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक ‘मॉडेल टी’ बनवल्या. तिसाव्या दशकात त्या कवडीमोलाने मिळू लागल्या. त्यातच १९३२ मध्ये फोर्डने सामान्यांच्या गाडीत आठ सिलिंडरचे, ६५ अश्वशक्तीचे ‘व्ही-८’ इंजिन बसवले. तोवर अशी इंजिने श्रीमंतांच्या गाड्यांत असत. अपघातात मोडलेल्या गाडीचे हे इंजिन काढायचे, जुन्या हलक्या गाडीत बसवायचे, मडगार्ड, टप, बंपर, जे जे म्हणून वजन वाढवते ते काढून टाकायचे. झाली हॉट रॉड तयार!

दक्षिण कॅलिफोर्नियात मुरॉक, एल मिराज असे कोरडे पडलेले तलाव आहेत. मैलोन् मैल सपाट, टणक जमीन. रविवारी पहाटे तिथे ही मंडळी जमत. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना काढली आणि वेग मोजण्याला शिस्त आली.

इस्केंडेरियनची गोष्ट पुढे आणखी रंगली. युद्धानंतर त्याला खास घासलेला कॅमशाफ्ट हवा होता. इंजिनाच्या झडपा कधी उघडायच्या, कधी मिटायच्या, हे ठरवणारा हा दांडा. पण त्याच्यासाठी फार दिवस थांबावे लागणार होते. मग गड्याने एक जुने ग्राइंडिंग मशीन घेतले, त्यात फेरफार केले आणि स्वतःच कॅमशाफ्ट घासायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे त्याचा मोठा कारखाना उभा राहिला.

जुळवाजुळवीचे गणित

वेगवेगळ्या गाड्यांचे भाग एकमेकांना लागतात तरी कसे? इथे फोर्डच्या एका सवयीचा उपयोग झाला. १९२८ पासून १९४८ पर्यंत फोर्डने गाडीच्या खालच्या बाजूची रचना फारशी बदलली नाही. पुढे-मागे एकेक आडवा कमानपाटा आणि पुढे सरळ दांड्याचा अॅक्सल. त्यामुळे १९३९ चा गिअरबॉक्स, १९४० चे ब्रेक आणि १९३२ ची पुढची जाळी १९२९ च्या गाडीवर थोड्याफार फेरफाराने बसू शकते. म्हणूनच जुन्या पद्धतीची हॉट रॉड बांधणारे आजही हेच भाग शोधत फिरतात.

पण ‘बसणे’ वेगळे आणि ‘जुळणे’ वेगळे. जुन्या चासीचे दांडे पातळ पत्र्याचे, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे एका बाजूने उघडे असतात. मूळच्या ४० अश्वशक्तीच्या इंजिनाला ते पुरत. त्यावर दुप्पट-तिप्पट ताकदीचे इंजिन ठेवले, की चासी पिळवटते, दारे नीट लागत नाहीत, पत्र्याला भेगा पडतात. म्हणून उघड्या बाजूला जाड पट्टी वेल्ड करून तिची बंद पेटी करावी लागते. त्याआधी एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत, अशी दोन्ही बाजूंनी मापे घ्यायची. ती सारखी आली नाहीत, तर चासी वाकडी आहे. अशा चासीवर कितीही सुंदर बॉडी चढवा, गाडी रस्त्यावर तिरकीच चालणार!

फोर्डच्या जुन्या व्ही-८ इंजिनाची आणखी एक खोड आहे. त्याचा गरम धूर ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या कप्प्यांजवळून बाहेर पडतो. त्यामुळे इंजिन लवकर तापते. देखणी दिसावी म्हणून छोटा रेडिएटर लावणाऱ्याची गाडी पहिल्याच चढाला वाफ सोडते.

आधी ब्रेक, मग वेग

खरा धोका पुढेच आहे. ‘मॉडेल ए’चे ब्रेक लोखंडी सळ्यांनी ओढले जात. फोर्डने तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणले ते १९३९ मध्ये. जुन्या ब्रेकवर नवे इंजिन बसवणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. चाळिशीच्या दशकात भर रस्त्यात शर्यती लावणाऱ्या पोरांमुळे ‘हॉट रॉड’ हा शब्दच बदनाम झाला होता. पोलीस मागे लागले, वर्तमानपत्रांनी झोडपले.

हा डाग पुसण्यासाठी मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी पुढाकार घेतला आणि १९५१ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. रस्त्यावरची शर्यत मैदानात आणायची आणि धावण्याआधी प्रत्येक गाडीची तपासणी करायची, असा तिचा शिरस्ता. आजही जाणता कारागीर आधी ब्रेक आणि स्टिअरिंग पक्के करतो, मगच इंजिनाकडे वळतो. ब्रेकचे तेल पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वाटांनी द्यायचे, म्हणजे एक नळी फुटली तरी गाडी थांबते. दिसायला गाडी १९४० ची, पण हा भाग मात्र नव्या काळाचा. यात कमीपणा मानायचे कारण नाही.

करवत चालवण्यापूर्वी

एके काळी जुन्या फोर्ड गल्लोगल्ली पडलेल्या होत्या, तेव्हा एखादी कापली तर कुणाला हळहळ वाटत नसे. आज परिस्थिती उलटी आहे. १९३२ ची अस्सल, न कापलेली फोर्ड हा दुर्मीळ ठेवा आहे. तिचे छत कापून बुटके केले, की ती मूळ रूपात परत येणे महाकठीण. त्यामुळे अमेरिकेतही दोन तट आहेत. एक म्हणतो, ‘जुने आहे तसे जपा.’ दुसरा म्हणतो, ‘गाडी चालवण्यासाठी असते, काचेत ठेवण्यासाठी नव्हे.’

यातून मधला मार्ग निघाला आहे. १९३२ च्या फोर्डची बॉडी आता नव्या पोलादी पत्र्यात तयार मिळते. शिवाय गंजून चाळण झालेले, कुणालाही नको असलेले सुटे भाग आहेतच. चांगला कारागीर अशा अनाथ भागांना घर देतो. नांदत्या गाडीला हात लावत नाही.

आपल्याकडे काय?

इंजिने बदलण्याची करामत आपल्या मिस्त्रींनाही ठाऊक होती. पेट्रोल पिणाऱ्या जुन्या अमेरिकन गाड्यांत त्यांनी डिझेल इंजिने बसवली. तिकडच्या पोरांना वेग हवा होता, इकडच्या मालकांना काटकसर.

आज मात्र आपल्या रस्त्यांवर अशी हौस सहज भागवता येत नाही. नोंदणी पुस्तकातल्या, कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते, पण तिची चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे जे हॉट रॉडचे भूषण, तेच इथे अपात्रतेचे कारण!

तेव्हा आजोबांची जुनी गाडी तुमच्या अंगणात धूळ खात उभी असेल, तर करवत हातात घेण्यापूर्वी जरा थांबा. आधी तिचे ब्रेक दुरुस्त करा, तेल बदला आणि आहे तशीच चालू करून पाहा. काय सांगावे, तिच्यात काही कापण्याजोगे आहे, असे तुम्हाला वाटणारही नाही!