ईश्वर नाकारला, आत्मा मानला

मार्गशीर्षात म्हसवडला श्री सिद्धनाथाचा रथ निघतो. माणगंगेकाठचे हे गाव त्या दिवशी गुलालखोबऱ्याने आणि ‘चांगभलं’च्या गजराने भरून जाते. गावातील जैन घरांनाही हा आपल्याच गावाचा उत्सव वाटतो. अशा वेळी एखादा स्नेही सहज विचारतो, “तुम्ही जैन लोक देव मानता की नाही?” प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात बसत नाही. घरातील वडीलधारे क्षणभर थांबतात, तोच महाविद्यालयात जाणारा नातू पुढचा प्रश्न टाकतो, “आजोबा, जगाचा कर्ता नसेल, तर आत्मा आणि परलोक तरी कशावरून मानायचा?”

सातारा जिल्ह्याला हा वाद नवा नाही. कराडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात देवकल्पनेचा उगम मानवी मनात शोधला. पुढे साताऱ्यातच जन्मलेल्या डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी एकाच व्यासपीठावरून महाराष्ट्रभर वाद-संवाद केला. ईश्वर ही संकल्पनाच आता निवृत्त करावी, असे लागूंचे मत होते. दाभोलकरांची भूमिका निराळी होती. देव मानणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. विरोध श्रद्धेच्या नावाखाली चालणाऱ्या शोषणाला आहे, असे ते सांगत. मतभेद उघडपणे मांडूनही दोघे बरोबरीने काम करत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची गोळ्या झाडून हत्या झाली. अनेकांताचा वारसा सांगणाऱ्या समाजाने या दोघांचे विचार मानावेत असे नाही. परंतु प्रतिपक्षाचे म्हणणे शांतपणे ऐकण्याची त्यांची रीत आपलीशी वाटावी अशीच आहे.

जैन दर्शनाचे स्थान या वादात दोन्ही बाजूंहून वेगळे आहे. वेदप्रामाण्य न मानणारा तो नास्तिक, या व्याख्येने जैन नास्तिक ठरतात. परलोक मानणारा तो आस्तिक, या पाणिनीच्या सूत्रावरील परंपरागत अर्थाने ते आस्तिक ठरतात. नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळी आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात सृष्टिकर्त्याची कल्पना तर्काने खोडून काढली. सृष्टीपूर्वी तो कर्ता कोठे होता? तो पूर्ण असेल, तर त्याला सृष्टी निर्माण करण्याची इच्छा का व्हावी? हे प्रश्न आजच्या कोणत्याही बुद्धिवाद्याला शोभतील. पण आचार्य तेथे थांबले नाहीत. जाणणे आणि पाहणे हे ज्याचे लक्षण, तो जीव अनादी आहे आणि आपल्या कर्माचा कर्ता व भोक्ता तोच आहे, हा सिद्धान्त जैन परंपरेने सोडला नाही.

नातवाची शंकाही परंपरेला अपरिचित नाही. ‘रायपसेणीय’ या श्वेतांबर आगमात आत्मा न मानणारा राजा पएसी आणि केशीकुमार श्रमण यांचा संवाद आहे. राजाचे प्रश्न रोखठोक आहेत. माझे पापी आजोबा नरकात गेले असतील, तर ते मला सावध करायला परत का आले नाहीत? चोराला जिवंतपणी आणि मेल्यावर तोलले, तरी वजनात फरक का पडला नाही? देहाचे तुकडे करूनही जीव दिसला नाही, तो का? केशीकुमार रागावत नाहीत. लाकडाचे तुकडे करून अग्नी दिसत नाही, म्हणून लाकडात अग्नी नाही असे म्हणता येईल का, असे ते विचारतात. वजनाच्या प्रश्नाला त्यांनी हवेने भरलेल्या व रिकाम्या पिशवीचा दृष्टान्त दिला. हवेलाही वजन असते हे आज शाळकरी मुलाला ठाऊक आहे; तेव्हा तो दृष्टान्त आज टिकत नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. दृष्टान्त जुना झाला म्हणून सिद्धान्त खोटा ठरत नाही, तसाच केवळ दृष्टान्ताने तो सिद्धही होत नाही.

म्हणूनच आत्म्याचे वजन एकवीस ग्रॅम असल्याचा संदेश उत्साहाने पुढे पाठवणे श्रावकाला शोभत नाही. अमेरिकेतील डॉ. डंकन मॅकडुगल यांनी १९०७ साली मोजक्या मरणासन्न रुग्णांवरून काढलेला तो निष्कर्ष विज्ञानाने स्वीकारलेला नाही. शिवाय ज्याला शास्त्र अमूर्त म्हणते, त्याला तराजूत घालायचे तरी कशाला?

या प्रश्नाची खरी कसोटी वादसभेत नव्हे, दुःखात लागते. डॉ. लागूंचा तरुण मुलगा तन्वीर लोकलवर बाहेरून भिरकावलेल्या दगडाने गेला. त्यानंतरही त्यांनी देवाचा आधार शोधला नाही. मुलाच्या नावाने रंगकर्मींसाठी ‘तन्वीर सन्मान’ सुरू केला. हे धैर्य पाहिले की आपल्याच घरातील एक विसंगती डोळ्यांत भरते. आपण सृष्टिकर्ता नाकारतो, आणि वीतराग जिनेंद्रासमोर परीक्षेचे गुण, दुकानाची बरकत व आजारातून सुटका मागत नवस बोलतो. पुढच्या दाराने निरोप दिलेला कर्ता आपण मागच्या दाराने घरात घेतो.

वास्तविक आत्मा मानणाऱ्याची जबाबदारी अधिक लांब पल्ल्याची आहे. नास्तिकाचा जमाखर्च या जन्मापुरता. आपल्या वहीतील बाकी पुढच्या पानावर ओढली जाते. ती माफ करणारा सावकार दोघांनाही नाही. आत्मा आहे की नाही, हे नातवाला आज पटवून देता येईल असे नाही. परंतु आजोबांच्या तराजूत, बोलण्यात आणि शेजाऱ्याशी असलेल्या वागण्यात त्या श्रद्धेची खूण त्याला दिसली पाहिजे. ती दिसली, तर म्हसवडच्या त्या स्नेह्यालाही उत्तर देता येईल: आमचे भले-बुरे करणारा देव आम्ही मानत नाही, म्हणूनच आमच्या कृत्यांचा दोष आम्हांला त्याच्यावर टाकता येत नाही.