सर्व्हर ‘सापडला नाही’ म्हणजे नेमकं काय?

गंगाखेडला जनाबाईंच्या अभंगांच्या सीडी, सप्ताहातल्या कीर्तनांची रेकॉर्डिंगं भरलेला पेनड्राइव्ह, परभणीच्या उरुसातल्या कव्वाल्या, जुन्या हार्डडिस्कवर पडून असलेली लता-रफी-भीमसेन. हा साठा एका जुन्या कॉम्प्युटरवर किंवा रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या बोर्डावर एकत्र आणायचा, तो अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचा आणि खाटेवर पडल्या पडल्या फोनवरून चालवायचा, ही हौस आता फार खर्चाची राहिलेली नाही. लागणारं सॉफ्टवेअरही फुकट आहे. लिरियन म्युझिक सर्व्हर आणि म्युझिक प्लेअर डीमन, म्हणजे एमपीडी, ही त्यातली दोन जुनी आणि भरवशाची नावं.

गाडं अडतं ते शेवटच्या पायरीवर. फोनमधलं रिमोट अ‍ॅप म्हणतं, सर्व्हर सापडला नाही. मग सल्ले सुरू होतात: महागाचा प्लॅन घ्या, ब्लूटूथ चालू करा, फायरवॉल बंद करून टाका, अ‍ॅप काढून पुन्हा टाका. यातला एखादा सल्ला कधीमधी लागू पडतोही, पण का लागू पडला ते कळत नाही आणि आठवड्याने पुन्हा तेच रडगाणं. बिघाड अ‍ॅपमध्ये क्वचितच असतो. तो फोन आणि सर्व्हर यांच्यामधल्या वाटेत असतो, आणि ही वाट पूर्णपणे घराच्या आत असते.

गैरसमज: नेट नसेल तर सर्व्हर चालत नाही

चालतो. गाणी घरातल्या डिस्कवर आहेत, फोन आणि सर्व्हर एकाच राऊटरला जोडलेले आहेत. फोनवरून दिलेला हुकूम राऊटरपर्यंत जातो आणि तिथूनच सर्व्हरकडे वळतो. घराबाहेर पडतच नाही. फायबरची केबल रस्त्याच्या खोदकामात तुटली तरी राऊटरला वीज मिळतेय तोवर गाणं वाजायला हरकत नाही. ज्या गावात ब्रॉडबँड पोचलेलंच नाही तिथे नुसता साधा राऊटर, कुठलीही लाइन न जोडता, एवढ्यासाठी पुरतो. बंद पडतील ती फक्त इंटरनेट रेडिओ केंद्रं आणि ऑनलाइन सेवा.

मग नेट गेल्यावर अ‍ॅप खरोखर का अडतं? अनेकदा फोनच्या शहाणपणामुळे. वाय-फायला इंटरनेट नाही असं दिसलं की बरेच अँड्रॉइड फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात, आणि मोबाइल डेटावरून घरातला सर्व्हर दिसणं शक्य नाही. ‘या वाय-फायला इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहायचं का?’ अशी सूचना येते तेव्हा होय म्हणायचं, किंवा तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद करायचा.

गैरसमज: गाणं फोनमधून स्पीकरकडे जातं

ब्लूटूथ स्पीकरची सवय झाल्यामुळे हे वाटणं साहजिक आहे. तिथे गाणं खरोखरच फोनमधून जातं, म्हणून फोन आला की गाणं थांबतं आणि फोन अंगणात नेला की तुटायला लागतं. लिरियन किंवा एमपीडीच्या रिमोट अ‍ॅपमध्ये तसं काही नसतं. फोन फक्त सांगतो: अमुक गाणं लाव, आवाज कमी कर. वाजवण्याचं काम सर्व्हर किंवा त्याला जोडलेला प्लेअर करतो. अ‍ॅप बंद करा, फोनची बॅटरी संपू द्या, फोन घेऊन बाजारात जा. रांगेत लावलेली गाणी वाजत राहतील. त्यामुळे ब्लूटूथचा इथे काही संबंध नाही.

याच कारणाने वेगाची चिंताही निरर्थक आहे. हुकूम म्हणजे जेमतेम काही बाइट. सर्व्हरकडून दुसऱ्या खोलीतल्या प्लेअरकडे गाणं जात असेल, तरी सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात, म्हणजे दीड मेगाबिटही नाही. प्लॅन ४०चा आहे की ३००चा याने इथे काडीचाही फरक पडत नाही. पडतो तो भिंतींनी. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय लवकर दम तोडतं, रिमोटसाठी २.४ गिगाहर्ट्झ पुरतं आणि बऱ्याचदा तेच बरं. घरातल्या एकाच राऊटरवर फोन एका बँडवर आणि सर्व्हर दुसऱ्यावर असला तरी ते सहसा एकाच नेटवर्कमध्ये असतात, म्हणून तिथे दोष शोधू नये.

गैरसमज: अ‍ॅपला दिसत नाही, म्हणजे सर्व्हर बंद आहे

बहुतेकांचा घोळ इथे होतो. रिमोट अ‍ॅप सर्व्हर कसा शोधतं? घरभर एकच हाक मारतं: ‘सर्व्हर आहे का कुणी?’ लिरियनच्या बाबतीत ही हाक ३४८३ क्रमांकाच्या पोर्टवर जाते. सर्व्हरने ओ दिली की अ‍ॅपच्या यादीत त्याचं नाव येतं. पण ही हाक राऊटरच्या पलीकडे जात नाही, आणि काही ठिकाणी ती मुद्दाम अडवलेली असते. हाक पोचली नाही म्हणजे सर्व्हर घरात नाही, असं होत नाही. त्याचा पत्ता हाताने टाकला तर तो बहुधा उत्तर देतो.

म्हणून अ‍ॅपशी झटण्याआधी फोनचा ब्राउझर उघडावा आणि पत्त्याच्या जागी सर्व्हरचा आकडी पत्ता व पोर्ट टाकावं, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०:९००० (टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे). ९००० हे लिरियनचं नेहमीचं पोर्ट. एमपीडीचं ६६००, पण ते ब्राउझरमध्ये उघडत नाही, अ‍ॅपमध्येच भरावं लागतं. लिरियनचं पान ब्राउझरमध्ये उघडलं, तर वाट मोकळी आहे आणि तोच पत्ता अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये टाकला की काम झालं. नाही उघडलं, तर अ‍ॅप कितीदाही नव्याने टाका, उपयोग नाही. सगळ्या सल्ल्यांमधून एकच ठेवायचा झाला तर मी हा ठेवीन.

आयफोनवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. २०२० मध्ये आलेल्या आयओएस १४ पासून घरातल्या नेटवर्कवरची उपकरणं शोधायला प्रत्येक अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा विचारल्यावर घाईत ‘नको’ दाबलं गेलं, की अ‍ॅप कायमचं आंधळं होतं आणि कारण सांगत नाही. सेटिंगमधल्या प्रायव्हसीत ‘लोकल नेटवर्क’ या शीर्षकाखाली ते परत चालू करता येतं.

गैरसमज: वाय-फायचं नाव एकच, म्हणजे नेटवर्क एकच

फायबरवाला एक डबा बसवून जातो. त्याचं वाय-फाय मागच्या खोलीत पोचत नाही म्हणून आपण दुसरा राऊटर आणतो, केबलने पहिल्याला जोडतो आणि गोंधळ नको म्हणून दोन्हीला एकच नाव, एकच पासवर्ड देतो. फोनला वाटतं सगळं एक. प्रत्यक्षात घरात दोन वेगळी नेटवर्कं झालेली असतात: पहिल्या डब्याचे पत्ते १९२.१६८.१ने सुरू होणारे, दुसऱ्याचे १९२.१६८.०ने.

यातून एक चमत्कारिक लक्षण दिसतं आणि त्यावरूनच रोग ओळखता येतो. सर्व्हर पहिल्या डब्याला आणि फोन दुसऱ्या राऊटरला जोडलेला असेल, तर अ‍ॅपला सर्व्हर आपोआप सापडत नाही, पण पत्ता हाताने टाकला की जोडला जातो. कारण दुसऱ्या राऊटरमधून बाहेर जायला मुभा असते. उलट केलं, म्हणजे सर्व्हर दुसऱ्याच्या आत आणि फोन पहिल्यावर, तर दोन्ही प्रकारे काहीच होत नाही. बाहेरून आत यायला दार बंद. दिवाणखान्यात चालतं आणि स्वयंपाकघरात चालत नाही, अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासावं. उपाय सोपा आहे. दुसऱ्या राऊटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ करायचं. तशी सोय नसेल तर त्याचं पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचं, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या डब्याच्या पत्त्याशी टक्कर होणार नाही असा ठेवायचा आणि केबल त्याच्या वॅन खाचेऐवजी लॅन खाचेत घालायची.

पाहुण्यांसाठीचं ‘गेस्ट’ वाय-फायही असंच. त्यावरच्या फोनला इंटरनेट मिळावं पण घरातली उपकरणं दिसू नयेत, हाच त्याचा हेतू आहे. घरातल्याच कुणाचा फोन चुकून त्यावर बसला असेल तर दोष सर्व्हरचा नव्हे.

गैरसमज: काल चालत होतं, आज नाही, म्हणजे अ‍ॅप बिघडलं

लाइट जाण्याची सवय असलेल्या जिल्ह्यात हा प्रश्न हमखास येणार. राऊटर प्रत्येक उपकरणाला पत्ता देतो तो कायमचा नसतो. लाइट गेली, आली, राऊटर आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाले. काही राऊटर आधीचं वाटप विसरतात आणि जो आधी येईल त्याला पुढचा पत्ता देतात. काल सर्व्हर २०वर होता, आज २३वर. अ‍ॅप मात्र जुन्याच दारावर ठोठावत राहतं. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व्हरसाठी एक पत्ता राखून ठेवला की हा विषय संपतो. सर्व्हर विंडोजचा आणि वाय-फायवर असेल तर ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस’ हा पर्याय बंद हवा, नाहीतर राऊटर त्याला ओळखणारच नाही. केबलने जोडणं त्याहून चांगलं.

इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर आहे आणि राऊटर नाही, हाही प्रकार दिसतो. सर्व्हर जिवंत, वाट मेलेली. आणि मे महिन्यात पारा ४२च्या वर गेला की स्लॅबखालच्या बंद कपाटात ठेवलेला रास्पबेरी पाय तापतो. चिपचं तापमान ८० अंशांना पोचलं की तो स्वतःच वेग कमी करतो. पंख्याखाली, उघड्यावर ठेवा.

गैरसमज: फायरवॉल बंद केली की सुटलं

सुटतं, पण दाराची कडी चालत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यातला प्रकार आहे. विंडोज नवं नेटवर्क दिसलं की त्याला सहसा ‘पब्लिक’ समजतं आणि बाहेरून येणारी विनंती अडवतं. कंपनीने राऊटर बदलून दिला, तरी विंडोजच्या लेखी ते नवंच नेटवर्क. म्हणून राऊटर बदलल्याच्या दिवशी सर्व्हर ‘गायब’ होतो. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करावं आणि फायरवॉलमध्ये तेवढ्या एका प्रोग्रामला परवानगी द्यावी. लिरियनला ९०००, ९०९० आणि ३४८३ ही पोर्टं लागतात.

लिनक्सवर एमपीडी वापरणाऱ्यांना वेगळाच अडसर येतो. काही ठिकाणी तो मुळातच फक्त स्वतःच्या मशीनचं ऐकायला बसवलेला असतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमधली ‘बाइंड टू अ‍ॅड्रेस’ची ओळ बदलावी लागते. याचाच भाऊ म्हणजे फोनमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता टाकणं. कॉम्प्युटरवर बसून तो चालतो, कारण त्याचा अर्थ ‘मी स्वतः’. फोनमध्ये टाकला की फोन स्वतःलाच शोधत बसतो.

गैरसमज: कंपनीने सोडून दिलं, आता कशाला त्याच्या नादी लागायचं

लिरियनचं मूळ नाव स्लिमसर्व्हर. स्लिम डिव्हायसेस ही कंपनी २००६ मध्ये लॉजिटेकने घेतली, २०१२ मध्ये या सर्व्हरवरून गाणी वाजवणारी स्क्वीझबॉक्स उपकरणं बनवणं थांबवलं, २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही बंद झाली. पण सर्व्हरचा कोड खुला होता. तो लोकांनी चालू ठेवला आणि २०२४ मध्येच त्याला लिरियन हे नाव मिळालं. जुन्या माहितीत ‘स्क्वीझबॉक्स सर्व्हर’ किंवा ‘लॉजिटेक मीडिया सर्व्हर’ दिसलं तर ते हेच. ऑनलाइन खातं उघडा असं जिथे लिहिलेलं असेल, ती पायरी सरळ सोडून द्यावी.

गैरसमज: बाहेरगावाहून ऐकायचं तर राऊटरवर पोर्ट उघडा

पुण्याला शिकायला गेलेल्या मुलीला परभणीच्या घरचा साठा ऐकायचा असतो, तेव्हा हा सल्ला मिळतो. तो वाईट आहे. लिरियनला पासवर्ड मुळात लावलेला नसतो. पोर्ट जगाला उघडं केलं तर कुणीही अनोळखी माणूस रात्री दोनला तुमच्या दिवाणखान्यात बँड वाजवू शकतो, आणि ही त्यातली सौम्य शक्यता झाली. शिवाय बऱ्याच घरांत ते उघडूनही उपयोग नसतो. एकच सार्वजनिक पत्ता इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांत वाटते. राऊटरच्या वॅनच्या पानावर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होणारा पत्ता दिसला, तर तुम्ही त्यातलेच एक.

टेलस्केलसारखी खासगी जाळं विणणारी सोय सर्व्हर आणि फोन दोन्हीवर टाकली, तर पोर्ट न उघडता पुण्याहून घरचा सर्व्हर गाठता येतो. हाक मात्र या वाटेने जात नाही. पत्ता हातानेच टाकावा लागतो.

एवढं करूनही मुलीने पुण्यात रिमोट अ‍ॅपवर गाणं लावलं, तर ते परभणीत वाजेल आणि दुपारी झोपलेली आजी दचकून उठेल. रिमोट म्हणजे केवळ हुकूम. पुण्यात ऐकायचं तर फोनलाच प्लेअर करणारं अ‍ॅप हवं. अँड्रॉइडवर एसबी प्लेअर हे काम करतं आणि सर्व्हरच्या यादीत तिचा फोन आणखी एक स्पीकर म्हणून दिसू लागतो. गाणं लावण्याआधी यादीतून तो निवडायचा. मग सर्व्हरमध्ये त्या प्लेअरपुरती मर्यादा १२८ किलोबिटांवर आणून ठेवली, की तासाभराच्या ऐकण्याला जेमतेम ५८ एमबी डेटा जातो.