रॅचेट घसरतोय? फेकू नका, पण तसाच वापरूही नका!



टू-व्हीलर गॅरेज टाकायचं असो, पाण्याच्या पंपांची दुरुस्ती असो, नाहीतर शेतीच्या अवजारांचं सर्व्हिसिंग. पहिल्या खरेदीत गोटी सेट असतोच. त्यातल्या गोट्या वर्षानुवर्षं टिकतात. आधी दगा देतो तो रॅचेट. जोर लावला की ‘कट्’ करून सुटतो, हात पुढे आपटतो आणि बोटांची सालटी निघतात.

मग दोन प्रकारची माणसं दिसतात. एक म्हणतो, “गेला हा, नवा आणू.” दुसरा म्हणतो, “चालतंय की, जरा सांभाळून वापरू.” दोघांचंही नुकसान होतं. पहिल्याचं थोडं, दुसऱ्याचं जास्त. कसं ते आज बघू.

एका दांड्यावर सगळा सेट

1920 साली अमेरिकेत जोसेफ जॉन्सन यांनी एक साधी कल्पना बाजारात आणली. प्रत्येक मापाला वेगळा अख्खा पाना कशाला? 5 दांडे आणि 10 गोट्या द्या, त्या एकमेकांत बसवा, 50 पान्यांचं काम होतं. त्यातूनच स्नॅप-ऑन ही कंपनी उभी राहिली. आज तुमच्या पेटीतला सेटही त्याच तत्त्वावर चालतो.

पण यातच एक गोम आहे. 20 गोट्या आणि रॅचेट एकच असेल, तर तो बिघडला की सगळा सेट अडून बसतो. म्हणून पेटीत सगळ्यात जास्त काळजी त्याचीच घ्यायची.

आत असतं काय?

रॅचेटच्या डोक्यात एक दातेरी चक्र असतं. त्या दात्यांत अडकणारा एक खटका असतो, त्याला पॉल म्हणतात. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो ना, तसाच प्रकार. खटक्याला दात्यांवर दाबून धरायला बारीक स्प्रिंग असते आणि दिशा बदलायला लिव्हर. बस्स, एवढंच.

चक्राला 36 दाते असतील तर एका ‘कट्’ला दांडा 10 अंश फिरतो. 72 दाते असतील तर फक्त 5 अंश. अडचणीच्या जागी 72 वाला सोयीचा, पण त्याचे दाते बारीक. त्यात कचरा बसला की खटका पूर्ण खाली जात नाही. तो दात्याच्या टोकावर टेकतो आणि जोर आला की घसरतो.

म्हणजे घसरण्याची कारणं मोजकीच: आत कचरा किंवा वाळलेलं ग्रीस, स्प्रिंग मेलेली, लिव्हर अर्धवट फिरलेली, किंवा दाते झिजलेले. यातली पहिली तीन बहुतेक वेळा हाताशी सुटतात. चौथ्याला मात्र इलाज नाही, भाग बदलावाच लागतो.

आधी खात्री करा, घसरतंय कोण?

खूपदा बिचाऱ्या रॅचेटवर आळ येतो आणि दोष गोटीचा असतो. 12 च्या बोल्टला 13 ची गोटी लावली, तर घसरणारच. एक सोपी युक्ती करा. बोल्टवर, गोटीवर आणि रॅचेटच्या डोक्यावर खडूने एक सरळ रेघ ओढा आणि हळूच जोर लावा. गोटी फिरली पण बोल्ट जागेवरच, तर दोष गोटीत किंवा बोल्टच्या कडांत. दांडा फिरला पण गोटी जागेवरच, तर दोष रॅचेटमध्ये.

आता आणखी एक बघा. एकाच दिशेला घसरतो का? मग त्या बाजूचा खटका किंवा लिव्हर तपासा. चक्राच्या एका ठरावीक जागीच घसरतो का? मग तिथला दाता तुटला असण्याची शक्यता जास्त. दोन्ही दिशांना, कुठेही घसरतो? मग पहिला संशय कचऱ्यावर.

अर्ध्या तासाचं काम

1. डोक्यामागे स्क्रू असतील तर मापाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, सर्क्लिप असेल तर सर्क्लिप प्लायर. झाकण रिव्हेट केलेलं असेल तर उघडायच्या भानगडीत पडू नका.

2. उघडताना रॅचेट पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत धरा आणि डोळ्यांवर चष्मा लावा. आतली स्प्रिंग आणि छर्रा उडाला, तर गॅरेजच्या जमिनीवर सापडत नाही!

3. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. खटका उलटा बसवला तर काम वाया गेलं.

4. सगळे भाग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये जुन्या टूथब्रशने घासा. पेट्रोल वापरू नका, आगीचा धोका असतो. मग कोरड्या कापडाने पुसा.

5. आता उजेडात दाते बघा. कडा धारदार हव्यात. गोल झालेल्या, चेपलेल्या किंवा तुटलेल्या दिसल्या तर चक्र आणि खटका दोन्ही बदला. कानस लावून दात्याला ‘धार’ काढायची नाही. वरचा टणक थर निघून जातो आणि तो आणखी लवकर झिजतो.

6. स्प्रिंग दाबून सोडा. ती झटकन मूळ लांबीवर यायला हवी. ताणून लांब करायचा जुगाड करू नका, तशाच मापाची नवी घाला.

7. जोडताना शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब, किंवा पातळ ग्रीसचा हलका हात. चाकाच्या बेअरिंगचं जाड ग्रीस भरलं की खटका त्यातच अडकतो. स्वच्छ केलेला रॅचेट पुन्हा घसरतो तो याच कारणाने.

पास की नापास?

जोडून झालं म्हणजे काम झालं नाही. व्हाइसमध्ये एक जाड बोल्ट घट्ट पकडा, गोटी लावा आणि जोर हळूहळू वाढवा. दांडा नेहमी स्वतःकडे ओढा, ढकलू नका. ढकलताना सुटला तर बोटं थेट लोखंडावर जातात. चक्राच्या वेगवेगळ्या जागी, दोन्ही दिशांना, दहा-दहा वेळा करा. एकदा जरी घसरला तरी नापास. नापास रॅचेट पेटीत परत ठेवायचा नाही. दुरुस्ती किट मिळत असेल तर आणा, नाहीतर भंगारात द्या.

आता धंद्याचं गणित

समजा रॅचेट 900 रुपयांचा आहे. रोज 6 गाड्या, महिन्याला 25 दिवस, म्हणजे वर्षाला 1,800 गाड्या. रॅचेट एकच वर्ष टिकला तरी एका गाडीमागे खर्च पडतो 50 पैसे. फक्त 50 पैसे!

आता दुसरी बाजू बघा. घसरणाऱ्या रॅचेटने गोटी तिरकी झाली आणि गिऱ्हाइकाच्या इंजिनच्या बोल्टच्या कडा गेल्या. नवा बोल्ट तुमच्या खिशातून. तो काढायला तास-दीड तास तुमचा. बोटाला लागलं तर दोन दिवस काम बंद. आणि गिऱ्हाईक समोर उभं राहून हे सगळं बघतंय.

म्हणून मित्रांनो, रॅचेट दुरुस्त करायचा तो 900 रुपये वाचवायला नाही. त्यावर भरवसा ठेवता येतो की नाही, हे कळायला. भरवसा असेल तर जुना सोन्यासारखा. नसेल तर नवा घेण्यात कंजुषी नको. निर्णय किमतीवर नाही, भरवशावर घ्या.

चार सवयी लावून घ्या

• जाम बोल्ट आधी लांब साध्या दांड्याने सैल करा, मग रॅचेट लावा. रॅचेट पटापट फिरवण्यासाठी आहे, जाम तोडण्यासाठी नाही.
• दांड्याला पाइप जोडून ताकद वाढवू नका. रॅचेटवर हातोडी तर अजिबात नको.
• रोज संध्याकाळी पुसून ठेवा, महिन्याच्या पहिल्या तारखेला तेल. वहीत तारीख टाका.
• नवा घेताना दुकानदाराला विचारा, “याचं दुरुस्ती किट मिळतं का?” मिळत असेल तर मॉडेल नंबर लिहून ठेवा. आणि परवडेल तेव्हा दुसरा रॅचेट घेऊन ठेवा.

आज शटर खाली ओढण्याआधी पेटीतला रॅचेट काढा, खडूची रेघ ओढा आणि तपासा. पास झाला तर उद्याचं काम बिनधास्त. नापास झाला तर गिऱ्हाइकाच्या गाडीवर कळण्यापेक्षा आजच कळलं, हाच तुमचा नफा.

भेटू पुढच्या विषयासह. तोपर्यंत हत्यारं जपा, हात जपा!