सत्ताधीशच आरोपी असतो तेव्हा : रामशास्त्र्यांची चौकशी आणि अनुच्छेद ३६१

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनी लागते. गुंजवणीच्या खोऱ्यातील या गावावरून राजगडाकडे वाट जाते. हा मुलूख १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत भोर संस्थानात, म्हणजे पंतसचिवांच्या अमलाखाली होता. सचिव हा अष्टप्रधानांपैकी एक आणि पेशवाही त्यांपैकीच एक. पुढील काळात पेशव्यांचे वैभव इतके वाढले की ही गोष्ट सहज विसरली जाते; परंतु शास्त्रतः पेशवा हा राज्याचा धनी नव्हता, छत्रपतींकडून वस्त्रे घेऊन कारभार करणारा मुख्य प्रधान होता. तेव्हा पेशव्यावरच फौजदारी गुन्ह्याचा आरोप आला तर त्याला जाब कोणी विचारावा, या प्रश्नाचे तत्त्वतः उत्तर सरळ होते : ज्याने नेमले त्याने. १७७३ मध्ये हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला आणि हे सरळ उत्तर निरुपयोगी ठरले.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. खुनाचा लाभ ज्यांना झाला ते त्यांचे चुलते रघुनाथराव. त्यांना पुढे ऑक्टोबरात साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रेही मिळाली. नेमणूक करणारी गादी कायम होती, पण नकार देण्याचे सामर्थ्य तिच्यात उरले नव्हते. या परिस्थितीत चौकशी केली ती न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी. ग्रँट डफच्या इतिहासानुसार सुमारे सहा आठवडे पुरावा गोळा करून ते रघुनाथरावांच्या दोषित्वाच्या निष्कर्षाप्रत आले. नारायणरावांना धरण्याचा हुकूम पुढे मारण्याचा कसा झाला, त्यात 'ध'चा 'मा' कोणी केला, याविषयीची परंपरा सर्वश्रुत आहे. तिच्यातील तपशील बखरींतून व लोककथनातून आलेले असल्याने ते जपूनच स्वीकारले पाहिजेत. प्रायश्चित्त विचारले असता शास्त्र्यांनी देहान्त सांगितला आणि पुणे सोडून वाईजवळील आपल्या गावी ते निघून गेले, हा भाग मात्र या कथेचा गाभा आहे.

या प्रसंगाकडे पुष्कळदा केवळ एका निःस्पृह पुरुषाच्या धैर्याची कथा म्हणून पाहिले जाते. ते धैर्य निर्विवाद होय. परंतु राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने पाहावयाचे ते निराळे. रामशास्त्री ज्या पदावर बसून चौकशी करीत होते ते पद पेशव्याच्या सरकारातीलच होते आणि निर्णयाची अंमलबजावणी करावयाची ती आरोपीनेच. सत्य शोधणे न्यायाधीशाच्या हाती होते; शिक्षा देणे नव्हते. अशा वेळी त्याच्याजवळ एकच साधन उरते, पदत्याग. त्याने आरोपीला दंड होत नाही, परंतु त्याच्या सत्तेवरील लोकमान्यतेचा शिक्का मात्र पुसला जातो. म्हणजे कायद्याने सुरू झालेली चौकशी राजकारणात येऊन संपली.

ते राजकारण बारभाईंनी केले. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आदींनी नारायणरावांच्या गर्भवती पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर नेले. १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे पुत्र झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या मुलाच्या नावाने पेशवाईची वस्त्रे आली. येथे सूक्ष्मपणे पाहिले पाहिजे. बारभाईंनी रघुनाथरावांना खुनी म्हणून न्यायसभेपुढे उभे केले नाही. औरस वारस जन्मल्याने पेशवेपदावर त्यांचा हक्कच राहत नाही, ही भूमिका त्यांनी घेतली. खून हे त्यांच्या उठावाचे नैतिक बळ होते, पण कायदेशीर आधार वारशाचा होता. त्यामुळे पदच्युती साधली आणि गुन्ह्याचा निवाडा मात्र राहून गेला. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, आणि काल ज्याच्यावर खुनाचा आरोप होता तो आज तहातील एक पक्ष बनला. गारद्यांपैकी महंमद इसफ पकडला जाऊन मारला गेला. रघुनाथरावांना १७८२ च्या सालबाईच्या तहाने मासिक २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. हात देहान्त पावले आणि ज्याच्यावर सूत्रधार म्हणून ठपका होता त्याला तनखा मिळाला.

भारतीय संविधानाने हा पेच निराळ्या रीतीने सोडविला आहे. अनुच्छेद ३६१ अन्वये राष्ट्रपती वा राज्यपाल यांच्याविरुद्ध त्यांच्या पदावधीत कोणत्याही न्यायालयात फौजदारी कार्यवाही सुरू करता येत नाही व चालू ठेवता येत नाही. अटकेचा हुकूमही काढता येत नाही. मात्र राष्ट्रपतींपुरता अनुच्छेद ६१ ने राजकीय मार्ग खुला ठेवला आहे : सभागृहाच्या एक-चतुर्थांश सदस्यांच्या सहीची चौदा दिवसांची सूचना, आरोपाची चौकशी आणि एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश बहुमताने ठराव. म्हणजे आधी पद, मग न्यायालय, असा क्रम येथे लिहूनच ठेवला आहे. हे कवच पदाचे आहे, व्यक्तीचे नव्हे. कल्याणसिंह राजस्थानचे राज्यपाल असताना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बाबरी खटल्यात त्यांच्यापुरती आरोपनिश्चिती पद सुटेपर्यंत थांबविली. २०१९ मध्ये पद सुटताच ती झाली. (२०२० मध्ये त्या खटल्यातील सर्व आरोपी निर्दोष ठरले.) याउलट मार्गासनीसारख्या गावच्या सरपंचाला असे कोणतेच कवच नाही, १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली त्याला गैरवर्तनासाठी पदावरून दूर करता येते आणि फौजदारी खटलाही स्वतंत्रपणे चालू शकतो.

मुख्यमंत्री या दोहोंच्या मध्ये येतो, आणि महाराष्ट्रातच त्याची परीक्षा झाली. अब्दुल रहमान अंतुले यांच्याविरुद्ध रामदास नायक यांनी १९८१ मध्ये फौजदारी फिर्याद दाखल केली. पूर्वमंजुरीअभावी ती अडली. मंजुरी राज्यपालांनी द्यावयाची, आणि राज्यपाल एरवी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. मग मुख्यमंत्र्यावर खटला भरावा की नाही हे मुख्यमंत्र्याच्याच मंत्रिमंडळाने ठरवावयाचे? १७७३ ची अडचण येथे कागदी रूपात परत आली. हा निर्णय राज्यपालांनी स्वविवेकाने घ्यावा, ही भूमिका १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मान्य झाली. दरम्यान १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी सिमेंटवाटप व देणग्या यांच्या संबंधाबाबत निर्णय दिला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. लक्षात घेण्यासारखे हे की, तो निर्णय फौजदारी खटल्यातील नव्हता. फौजदारी प्रकरण १९८४ व १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांपुढे फिरत राहिले आणि त्यातून दोषसिद्धी झाली नाही. राजकीय उत्तरदायित्वाचा निकाल काही दिवसांत लागला. कायदेशीर उत्तरदायित्वाला एक दशक पुरले नाही. दोहोंच्या पुराव्याच्या कसोट्याच वेगळ्या असल्याने राजीनाम्याला दोषसिद्धी मानणे जसे चूक, तसे खटल्यातील सुटकेवरून राजीनामा अनाठायी होता असे म्हणणेही चूक.

अमेरिकेत १९७४ मध्ये असेच घडले. ध्वनिफिती हजर करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २४ जुलैचा, निक्सन यांचे पद सुटले ९ ऑगस्टला आणि ८ सप्टेंबरला फोर्ड यांनी माफी दिल्याने खटल्याचा प्रश्नच संपला. येथेही पद गेले आणि निवाडा राहिला.

अनुच्छेद ३६१ चे शब्द मात्र बारकाईने वाचण्यासारखे आहेत. तो मनाई करतो ती 'न्यायालयातील' कार्यवाहीला. साक्षी नोंदविणे, कागद जपून ठेवणे, गुन्ह्याचा माग काढणे यांना तो शब्दशः प्रतिबंध करीत नाही. पद सुटेपर्यंत साक्षीदार मरतात, कागद गहाळ होतात. रामशास्त्र्यांनी केलेले काम नेमके याच टप्प्यातील होते, आणि निर्णयाची अंमलबजावणी अशक्य असतानाही त्यांनी पुरावा गोळा करणे थांबविले नव्हते. पुढे बारभाईंनी त्यांना पुन्हा न्यायाधीशपदावर आणले व १७८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्या पदावर होते. परंतु रघुनाथरावांचे प्रकरण त्यांच्यासमोर पुन्हा कधीही आले नाही.