महिना आधी, किनारा नंतर

श्रीलंकेच्या सहलीची चौकशी केली की हातात पडणाऱ्या पत्रकात मार्ग बहुधा एकच असतो: कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा आणि परत. नाताळात जा, मे महिन्यात जा किंवा दिवाळीत जा, पत्रक बदलत नाही. समुद्र मात्र बदलतो. डिसेंबरात ज्या बेंटोट्याला लहान मुलं गुडघाभर पाण्यात निवांत खेळतात, तिथेच जूनमध्ये लाल झेंडा लागलेला असतो आणि खोलीच्या खिडकीतून पाऊस बघत बसावं लागतं. तेवढ्याच दिवसांत बेटाच्या दुसऱ्या अंगाला, त्रिंकोमालीजवळ, आकाश स्वच्छ असतं आणि पाणी शांत. म्हणून या बेटावरच्या सुट्टीचा पहिला प्रश्न ‘कुठे जायचं’ हा नाही, ‘कधी जायचं’ हा आहे.

याचं कारण बेटाच्या मधोमध उभं आहे. श्रीलंकेचं क्षेत्रफळ सुमारे 65,610 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाचवा हिस्सा. पण एवढ्याशा भूमीच्या दक्षिण-मध्य भागात डोंगरांची मोठी रास आहे; त्यातलं सर्वांत उंच शिखर पिदुरुतलागला 2,524 मीटरचं. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मान्सून येतो. हा आपल्याकडे येणारा तोच पाऊस, फक्त केरळच्या थोडा आधी तिथे पोचतो. त्याचे ढग गॉल, कोलंबो, रत्नपुरा या बाजूला रिकामे होतात आणि डोंगर ओलांडून पलीकडे उतरताना वारा कोरडा झालेला असतो. कोकण भिजतं आणि माण-खटाव कोरडा राहतो, त्यातलाच हा प्रकार. मात्र श्रीलंकेत या गोष्टीला दुसरा अंकही आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मान्सून बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतो. मग त्रिंकोमाली आणि बट्टिकलोआ भिजतात, तर गॉलकडचा समुद्र शांत होतो. म्हणजे बेटाचा एक ना एक किनारा वर्षाचा बराच काळ पाहुण्यांसाठी मोकळा असतो. आपण फक्त योग्य बाजूला जायचं.

राहिले मधले महिने. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर गडगडाटी सरी येतात, पण सकाळ बहुतेक चांगली मिळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं तसं नाही. त्या दोन महिन्यांत पाऊस बेटावर कुठेही पडू शकतो आणि उपसागरात वादळं तयार होतात. 2025च्या नोव्हेंबर अखेरीस ‘दित्वा’ चक्रीवादळानं श्रीलंकेत शेकडो माणसांचे जीव घेतले, डोंगरउतार कोसळले, घाटातल्या रेल्वेमार्गाची मोठी हानी झाली. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी याच काळात पडते. माझं स्पष्ट मत असं की दिवाळीत केवळ किनाऱ्यासाठी श्रीलंकेला जाऊ नये. जायचंच असेल तर कोलंबो, कँडी आणि गॉल या शहरांवर भर द्यावा, समुद्र मिळाला तर मिळाला.

आता नाताळची सुट्टी. मुंबईहून कोलंबोला थेट विमानानं अडीच तासांच्या आसपास लागतात, घड्याळाचा काटाही हलवावा लागत नाही. विमानतळ शहरात नाही. तो उत्तरेला कटुनायके इथे आहे, नेगोम्बोच्या शेजारी. बहुतेक सहलींत कोलंबोला एक रात्र, तीही थकलेली, वाट्याला येते. या शहराला दोन रात्री द्याव्यात. सकाळी पेट्टाच्या बाजारात शिरावं. तिथे गल्लीगल्लीचा व्यापार वेगळा आहे. सी स्ट्रीटवर सोनारांची दुकानं आणि तमिळ देवळं शेजारी-शेजारी आहेत, आणि जवळच लाल-पांढऱ्या विटांच्या नक्षीची जामी-उल-अल्फार मशीद आहे. दुपार जेफ्री बावासाठी राखावी. बावा (1919–2003) हा श्रीलंकेचा श्रेष्ठ वास्तुकार. कोट्टेचं संसद भवन त्याचं. बैरा तलावातलं सीमा मालक हे छोटं ध्यानमंदिरही त्याचंच, आणि ते बघायला वास्तुशास्त्र कळावं लागत नाही. लाकडी खांबांमधून पाणी दिसतं, बाहेर शहराची रहदारी चालू असते आणि आत माणसं नकळत हळू बोलतात. संध्याकाळी गॉल फेस ग्रीनवर जावं. 1859 साली मोकळं केलेलं हे समुद्राकाठचं मैदान आजही कोलंबोच्या सामान्य माणसाचं आहे: पतंग, फुगे, सहकुटुंब आलेली मंडळी आणि हातगाडीवरचे इस्सो वडे. डाळीच्या वड्यावर अख्खी कोळंबी बसवलेली असते. मासे खाणाऱ्या कुणीही ते चुकवू नयेत.

कोलंबोहून गॉलला जाण्याचे दोन मार्ग आहेत. दक्षिण द्रुतगती मार्ग 2011 साली खुला झाला, त्यावरून गाडी झटपट पोचवते. पण जाताना आगगाडीनं जावं. साधारण अडीच तासांच्या प्रवासात रूळ समुद्राला इतके लगटून जातात की लाटेचं पाणी डब्याखाली येतंय असं वाटतं. दक्षिणेकडे जाताना उजव्या हाताची खिडकी धरायची. याच मार्गावर हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालिया नावाचं गाव लागतं. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीच्या लाटेनं इथे प्रवाशांनी भरलेली गाडी उलथवली, हजाराहून अधिक माणसं गेली. तिथे स्मारक आहे. नाताळच्या दिवसांत तिथून जाणाऱ्यांनी निदान एवढं ठाऊक असू द्यावं.

गॉलचा किल्ला हा माझ्या मते साऱ्या बेटावरचा सर्वांत राहण्याजोगा पत्ता. पोर्तुगीजांनी सुरुवात केली, 1640 साली डचांनी तो घेतला आणि भक्कम तटबंदी उभारली. 1988पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. पण हा ओसाड किल्ला नाही. आत घरं आहेत, शाळा आहे, न्यायालय आहे, मशीद आहे, डचांचं 1755चं चर्च आहे आणि ओसरीवर बसून पेपर वाचणारे आजोबाही आहेत. भरतीच्या पाण्यानं गटारं धुऊन निघतील अशी योजना डचांनी इथे केली होती. 2004च्या लाटेत बाहेरचं गाव उद्ध्वस्त झालं तेव्हा तटाच्या आतला भाग बराचसा बचावला. दिवसभराच्या सहलीला आलेले लोक पाचच्या सुमारास निघून जातात. मग तटावरून चालत दीपगृहापर्यंत जायला जी मोकळीक मिळते, ती आत मुक्काम करणाऱ्यालाच. किल्ल्यातल्या जुन्या घरांत अनेक ठिकाणी खोल्या मिळतात.

आणि मग शांत किनारा. गॉलच्या पुढे उनावटुना, वेलिगामा, मिरिस्सा अशी रांग लागते. उनावटुना आणि मिरिस्सा आता गजबजलेले आहेत, संगीत रात्री उशिरापर्यंत चालतं. मिरिस्साला सकाळ तेवढी द्यावी, तीही देवमाशासाठी. इथे खोल पाणी किनाऱ्याच्या फार जवळ येतं, त्यामुळे डिसेंबर ते एप्रिल या काळात निळा देवमासा, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, काही तासांच्या बोटप्रवासात दिसू शकतो. दिसेलच अशी हमी देणाऱ्या आणि त्याच्या अंगावर बोट घालणाऱ्या नावाड्यापासून दूर राहावं. मुक्कामासाठी मात्र आणखी पूर्वेला तंगल्लेला जावं. तिथे नारळांच्या मागे घरगुती मुक्काम आहेत आणि मैलभर रिकामी वाळू. एकच इशारा: या पट्ट्यात पाणी पटकन खोल होतं आणि ओढ जबर आहे. पोहायला कुठे उतरायचं हे यजमानाला विचारल्याशिवाय ठरवू नये. तीन रात्री इथे राहून द्रुतगती मार्गानं परस्पर विमानतळ गाठता येतो, कोलंबोच्या गर्दीत शिरावं लागत नाही.

मे महिन्याचा आराखडा वेगळा, आणि त्याबद्दल मला जास्त कळकळ आहे, कारण शाळकरी मुलांच्या आईवडिलांना मोठी सुट्टी मेमध्येच मिळते आणि चुकीच्या किनाऱ्याची विक्रीही तेव्हाच जास्त होते. यात कोलंबो शहर शेवटी, परतताना बघायचं. विमानतळावरून सरळ कँडीकडे निघावं. अंतर फार नाही, पण रस्ता घाटाचा आणि वस्तीचा. श्रीलंकेत द्रुतगती मार्ग सोडला तर तासाला तीस-चाळीस किलोमीटर हाच वेग धरून बेत आखावा. कँडीत तलाव, बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर आणि पेरादेनियाची वनस्पतीबाग एवढं पुरे. मंदिरात गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान समजतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवावं. मेची पौर्णिमा साधली तर वेसाक, म्हणजे तिथली बुद्धपौर्णिमा, बघायला मिळतो: घराघरांवर कागदी कंदील आणि रस्त्याच्या कडेला येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालणारे मांडव. पौर्णिमेला तिथे दर महिन्याला सरकारी सुट्टी असते आणि मद्यविक्री बंद, हेही ध्यानात ठेवावं.

कँडीहून उत्तरेला दांबुला-सिगिरिया. पाचव्या शतकात राजा कश्यपानं कातळाच्या माथ्यावर बांधलेला महाल पाहायला पहाटेच चढायला लागावं, मेमधलं ऊन निर्दय असतं. सार्क देशांतल्या पाहुण्यांना अशा स्मारकांवर सवलतीचा दर असतो, म्हणून पासपोर्ट खोलीत ठेवून जाऊ नये. तिथून त्रिंकोमाली साधारण शंभर किलोमीटर.

त्रिंकोमाली हे जगातल्या उत्तम नैसर्गिक बंदरांपैकी एक. पोर्तुगीज, डच, फ्रेंच, इंग्रज सगळ्यांनी त्याच्यासाठी झुंजून घेतलं. 9 एप्रिल 1942 रोजी जपानी विमानांनी त्यावर बाँब टाकले. फोर्ट फ्रेडरिकच्या दरवाज्यातून आत गेलं की चितळं रस्त्यात उभी असतात. टोकाला, सरळ समुद्रात कोसळणाऱ्या कड्यावर, कोणेश्वर महादेव. जुनं देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं, आजचं नंतरचं आहे. पण शैव संतांनी ज्याची स्तुती गायली ते हेच स्थान. तिथल्या कड्याच्या चिरेला लोक रावणाचा घाव म्हणतात. संध्याकाळच्या पूजेला नादस्वर सुरू होतो तेव्हा खाली कातळावर समुद्र आपटत असतो. हिंदू देऊळ आणि समुद्र यांचं असं सान्निध्य फार थोड्या ठिकाणी आहे.

शहरापासून उप्पुवेली जवळ, निलावेली थोडी पुढे. मे ते सप्टेंबर इथे पाणी निवळ असतं. वाळू हलक्या उताराची, त्यामुळे पोहता न येणाऱ्यांनाही पाण्यात उतरण्याचं सुख मिळतं. निलावेलीसमोर साधारण किलोमीटरभरावर पिजन आयलंड हे बेट आहे, 2003पासून राष्ट्रीय उद्यान. सकाळी लवकर बोटीनं जाऊन, जीवरक्षक जाकीट घालून, नळीतून श्वास घेत पाण्यात डोकं घातलं की खाली प्रवाळ दिसतं, नशिबानं काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे, निरुपद्रवी शार्कही. प्रवाळावर पाय ठेवू नका. ते जिवंत आहे आणि पायाखाली मोडलेला तुकडा पुन्हा वाढायला वर्षं लागतात.

जेवणाची काळजी शाकाहारी कुटुंबांना उगाच जास्त वाटते. भात आणि चार-पाच भाज्या हेच रोजचं जेवण: नारळाच्या दुधातली डाळ, कोवळ्या फणसाची भाजी, ओल्या खोबऱ्याचं लालभडक पोल संबोल, सकाळी अप्पम आणि शेवयांसारखे इडिअप्पम. मात्र संबोलात आणि काही भाज्यांतही सुक्या माशाची पूड घालतात, तिला उंबलकड म्हणतात. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, उंबलकड नको असं नाव घेऊन सांगावं. शेवटी मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कितुल माडाची काकवी.

व्हिसाचे आणि शुल्काचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, तेव्हा ईटीए या ऑनलाइन प्रवास-परवान्याच्या सरकारी संकेतस्थळावरच खात्री करावी. घाटातल्या आगगाडीचा बेत असेल तर ती सध्या कुठपर्यंत धावते ते विचारून घ्यावं. आरक्षण महिनाभर आधी उघडतं. आणि आठवड्याच्या सहलीत तीनपेक्षा जास्त मुक्काम करू नयेत. रोज बॅग भरणाऱ्याला समुद्र दिसतो, मिळत नाही.

पूर्व किनाऱ्यानं 2009 साली संपलेलं यादवी युद्ध सोसलं आणि मध्ये त्सुनामीही. तिथल्या घरगुती मुक्कामवाल्यांना कमाईचे महिने मुख्यतः मे ते सप्टेंबर एवढेच. तुमची सुट्टी मेमध्ये असेल तर पैसे भरण्याआधी सहल-कंपनीला विचारा की किनारा कोणता. उत्तर बेंटोटा आलं, तर त्रिंकोमाली मागा. ते जमवून देणार नसतील, तर स्वतः फोन करून निलावेलीत एखाद्या कुटुंबाकडे खोली घ्या आणि जेवायलाही तिथेच बसा.