तीन प्रती आहेत, म्हणून नोड खुशाल बंद करायचा?

“रेप्लिकेशन फॅक्टर तीन आहे ना? मग मशीन बंद करा, बाकी दोन प्रती आहेतच की!” कॅसँड्रा डेटाबेसच्या क्लस्टरमधला एखादा नोड काढायचा विषय निघाला की हे ऐकावं लागतंच, आणि तेही चांगल्या मुरलेल्या मंडळींकडून.

मशीन बंद केल्यानं नोड क्लस्टरमधून जात नाही. ‘नोडटूल स्टेटस’मध्ये तो ‘डीएन’ (डाउन, नॉर्मल) म्हणून दिसत राहतो आणि टोकन रेंजही त्याच्याच नावावर राहतात. खुर्ची रिकामी, पण हजेरीपटावर नाव कायम! त्याच्याकडच्या डेटाची प्रत दुसरीकडे आपोआप तयार होत नाही. (कॉक्रोचडीबी ही दुसरी डेटाबेस प्रणाली डीफॉल्टनं पाच मिनिटं वाट बघून ते काम करते, ती सवय इथे चालत नाही.) त्याच्या वाट्याच्या नव्या नोंदी तो परतल्यावर देता याव्यात म्हणून इतर नोड त्यांचे हिंट ठेवतात, पण डीफॉल्टनं तीनच तास. क्वोरमला तीनपैकी दोन प्रती लागतात, त्यामुळे आणखी एक नोड पडला की काही डेटा क्वोरमनं वाचताही येत नाही, लिहिताही येत नाही.

शिवाय त्या ‘बाकी दोन प्रती’ अद्ययावत आहेत हे ठरवलं कुणी? कन्सिस्टन्सी लेव्हल ‘वन’ असेल तर एका प्रतीनं होकार दिला की क्लायंटला ‘झालं’ असं कळतं. उरलेल्या दोन नोडपर्यंत ती नोंद पोचली नसेल, हिंटची मुदत संपली असेल आणि प्रती जुळवून घेणारं रिपेअर चालवलेलं नसेल, तर ती फक्त तुम्ही बंद केलेल्या मशीनवरच असते.

मग नोड काढायचा कसा? तो चालू असेल तर त्याच नोडवर ‘नोडटूल डीकमिशन’ चालवायचं. तो आपला डेटा नव्या मालकांकडे स्ट्रीम करतो आणि मगच बाहेर पडतो. तोवर स्टेटस ‘यूएल’ (अप, लीव्हिंग). ‘रिमूव्हनोड’ मेलेल्या नोडसाठी, दुसऱ्या नोडवरून चालवायचं. अपाचे कॅसँड्राच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत फरक स्पष्ट दिला आहे: डीकमिशनमध्ये डेटा जाणाऱ्या नोडकडून येतो, रिमूव्हनोडमध्ये उरलेल्या प्रतींकडून. म्हणून रिमूव्हनोडनंतर रिपेअर चालवा.

आणखी काही वाक्यंही नेहमी कानावर येतात. ‘नोडटूल असॅसिनेट लवकर होतं.’ होतं, कारण ते डेटा हलवतच नाही. बाकी सगळे उपाय थकल्यावरच वापरायचं.

‘तीन नोडमधला एक सहज निघतो.’ रेप्लिकेशन फॅक्टर तीन असेल तर कॅसँड्रा 4.0 पासून डीकमिशन ‘फोर्स’शिवाय नकार देतं. आधी फॅक्टर कमी करा.

‘डीकमिशन झालं की डेटा पुसला जातो.’ नाही. फाइली डिस्कवर तशाच राहतात. तेच मशीन पुन्हा क्लस्टरमध्ये घेण्याआधी त्या हातानं काढाव्या लागतात.